पावणेतीनशे रुपयांचा कागद

दोन वर्षांसाठी 275 रुपये. तीन वर्षांसाठी 375. त्यावर कर. बस, एवढंच! आणि एवढ्या पैशांत आखातात राबायला गेलेल्या आपल्या माणसाला अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख रुपयांचा विमा. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर 1 लाखापर्यंतचा खर्च. दोष नसताना मालकाने काम अर्ध्यात सोडायला लावलं तर परतीचं विमानभाडं. कामाच्या वादातून कोर्टाची पायरी चढावी लागली तर 45 हजारांपर्यंत वकिलाचा खर्च. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग यांना हाक मारली आणि मोठ्याने वाचायला लावलं. मजकूर तोच होता!

योजनेचं नाव प्रवासी भारतीय बीमा योजना. केंद्र सरकारची. 2003 पासून सुरू आहे. म्हणजे आज ओमानमध्ये शटरिंगचं काम करणारा आमचा भाचा तेव्हा गावच्या अंगणवाडीत जात होता. तो शाळेत गेला, शाळा सोडली, मोठा झाला, समुद्रापलीकडे गेला, आणि या योजनेचा कागद त्याच्या नावाने निघालासुद्धा. पण तो कागद कशाचा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या आईला नव्हतं. शाळेत शिकवणाऱ्या मलाही नव्हतं. आता ठाऊक झालं आहे, आणि ज्यांच्या घरचं कुणी बाहेर आहे त्या प्रत्येकाला ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमचा भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. पाऊस लागला की बांधीत रोवणा सुरू होतो, तेव्हा गावात माणूस मिळत नाही. कापणी आणि चुरणा आटोपला की तीच माणसं हात बांधून बसतात. वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी आहेत. पण सात तालुक्यांतल्या सगळ्या पोरांना ही कामं थोडीच पुरणार? माझ्या पवनी तालुक्यात गोसेखुर्दच्या धरणाखाली शेतं गेलेली घरं आहेत. त्यामुळे पोरं नागपूरला जातात, पुण्याला जातात, हैदराबादला जातात. आणि काही जण विमानात बसतात.

माझी नणंद लाखांदूर तालुक्यात दिलेली. तिचा थोरला मुलगा नववीनंतर शाळेत गेला नाही. नागपुरात सेंट्रिंग-शटरिंग शिकला, हाताला सफाई आली. एका ओळखीच्या माणसाने ओमानचं काम सांगितलं, आणि हा गेला. तो दहावी पास नाही, म्हणून त्याचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारची परवानगी लागणारा. 1983च्या एमिग्रेशन कायद्याखालची ही व्यवस्था आहे. ओमान, कुवेत, कतार, बहरीन, सौदी, अमिरात, मलेशिया, जॉर्डन, इराक असे एकूण 18 देश त्या यादीत आहेत. या देशांत ईसीआर पासपोर्टवर नोकरीला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या अधिकाऱ्याची मंजुरी हवी, आणि त्या मंजुरीसाठी हा विमा सक्तीचा! विमा नाही तर मंजुरी नाही. म्हणजे आमच्या भाच्याच्या नावाने विमा निघालेला असणारच होता. ही साखळी माझ्या ध्यानात आली तेव्हा अंगावर काटा आला.

ती ध्यानात कशी आली ते सांगते.

तिकडच्या उन्हात दिवसभर काम, पाणी पिणं कमी. त्याच्या कमरेत कळा येऊ लागल्या. आधी गोळ्यांवर भागवलं. मग एका रात्री सोबतच्या पोरांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. मुतखडा निघाला. भरती, तपासण्या, शस्त्रक्रिया. कंपनीच्या विम्यातून बिलाचा एक भाग भागला. उरलेले पैसे त्याने खोलीतल्या सोबत्यांकडून उसने घेऊन भरले. फोनवर त्याचा आवाज खोल गेला होता.

"मामी, बरा हाये मी आता. पण उधारी झाली ना. माय ले सांगू नोको."

माय ले न सांगून कसं चालेल? ती तर आधीच माझ्याकडे येऊन बसली होती. येताना तिने एक प्लास्टिकची पिशवी आणली होती, तो जाताना घरी ठेवून गेला होता ती. पासपोर्टची झेरॉक्स, मेडिकलचा रिपोर्ट, नोकरीचा करार, मंजुरीचा कागद, फोटो, जुनी तिकिटं. "पाय ना वहिनी, यात काही कामाचं हाये का," ती म्हणाली. मी एकेक कागद पलंगावर मांडत गेले. आणि मंजुरीच्या कागदाखाली, घडी घातलेलं, इंग्रजीत छापलेलं ते पान सापडलं. वर विमा कंपनीचं नाव, खाली भाच्याचं नाव, पासपोर्ट नंबर, वारसदार म्हणून नणंदेचं नाव. पॉलिसी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, तेही लिहिलेलं. मुदत अजून शिल्लक होती!

मी नणंदेला तिचं नाव बोटाने दाखवलं. तिने विचारलं, "म्हणजे हे माह्या नावानं हाये?" हो, तुमच्या नावानं आहे. तुमच्या मुलाने पैसे भरून घेतलेला हक्क आहे हा. कुणाची मेहेरबानी नाही.

मग मी या योजनेच्या मागेच लागले. मिळेल ते वाचलं, विचारलं, लिहून काढलं. 2003 मध्ये ती आली, नंतर सुधारत गेली. 2008 मध्ये सुधारणा झाल्या आणि 2017 मध्ये पुन्हा झाल्या. दवाखान्याची मर्यादा आधी 75 हजार होती, ती 1 लाखावर नेली. एका वेळच्या भरतीसाठी 50 हजारांपर्यंत. आणि ही रक्कम फक्त अपघाताच्या जखमांसाठी नाही, आजारपणासाठीही आहे! मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो या ओळीने. मुतखडा हा आजार आहे. म्हणजे आमचा भाचा यात बसतो!

पुढे वाचत गेले तशी एकेक ओळ उजेडात येत गेली. मालक बदलला, कामाची जागा बदलली, तरी अपघाताचं 10 लाखांचं संरक्षण जात नाही. विमानातून उतरल्यावर घ्यायला मालकच आला नाही, करारात लिहिलेलं काम सोडून दुसरंच हलकं काम माथी मारलं, किंवा कामगाराचा दोष नसताना मुदतीआधी काढून टाकलं, आणि आपल्या वकिलातीने तसं लिहून दिलं, तर साध्या वर्गाचं परतीचं भाडं विमा कंपनी देते. आजारपणामुळे काम करण्याजोगा राहिला नाही आणि करार मोडला, तरीही परतीच्या भाड्याची सोय आहे. माणूस तिकडेच दगावला तर मृतदेह आणण्याचा खर्च आणि सोबत येणाऱ्या एका माणसाचं जाण्या-येण्याचं भाडं. कामगार बाई असेल तर बाळंतपणाचीही तरतूद आहे. आणि कमावता माणूस अपघातात गेला किंवा कायमचा जायबंदी झाला, तर इकडे गावात राहिलेल्या त्याच्या बायको-मुलांच्या दवाखान्यासाठी 50 हजारांपर्यंत! योजना करणाऱ्याने मागे राहिलेल्या घराचासुद्धा विचार केला आहे हे पाहून मला भरून आलं.

आनंदाच्या भरात एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना ठासून सांगते. ते 10 लाख अपघाती मृत्यूसाठी आणि अपघाताने आलेल्या कायमच्या अपंगत्वासाठी आहेत. झोपेत हृदय बंद पडून कुणी गेला, तर ही रक्कम मिळत नाही. कागदाचं बळ जितकं आहे तितकंच सांगावं. ते बळ काही थोडं नाही.

आता दावा. हा शब्द ऐकला की आमच्याकडची माणसं दबकतात. दावा म्हणजे कोर्ट, वकील, तारखा असं वाटतं. इथे तसं काही नाही. परराष्ट्र मंत्रालयाचा एक फोन आहे, 1800 11 3090, पैसे न लागणारा. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा. मी धीर करून लावला. पलीकडच्या माणसाला माझ्या विदर्भी हिंदीत सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, पॉलिसी कोणत्या कंपनीची ते विचारलं, मुदत विचारली, आणि पुढे काय करायचं ते सांगितलं. इतकं साधं! दिल्लीतला सरकारी फोन आणि लाखांदूरच्या घरातली अडचण यांच्यात कुणी मधला माणूस लागला नाही, याचं मला केवढं अप्रूप वाटलं!

भाच्याला मी त्याच रात्री कळवलं. त्याने विचारलं, "मामी, मले तं मालूमच नोतं. एजंटनं सही घेतली होती कायवर तरी, तेच का हे?" तेच हे! मग तो कामाला लागला. दवाखान्यातून डिस्चार्जचा कागद घेतला. बिलं आणि पावत्या मूळ मागून घेतल्या. कंपनीच्या विम्यातून किती भागलं आणि त्याच्या खिशातून किती गेलं, ते वेगळं लिहून घेतलं. सुटीच्या दिवशी मस्कतला आपल्या वकिलातीत जाऊन आला. तिथे आपल्या माणसांसाठी खिडकी असते, हे त्याला पहिल्यांदा कळलं. इकडे मी पॉलिसीची प्रत, पासपोर्टची आणि व्हिसाची पानं, त्याच्या इथल्या बँकेच्या पासबुकाची प्रत गोळा केली आणि विमा कंपनीचा दाव्याचा अर्ज भरला. कंपनीने एक-दोन गोष्टी पुन्हा मागितल्या, त्या दिल्या.

आणि पैसे आले! त्याच्या खात्यात, थेट. नणंदेने बँकेत पासबुक छापून आणलं आणि ती ओळ मला दाखवली. त्याने सोबत्यांची उधारी फेडली. आता त्याच खोलीतली दुसरी पोरं, कुणी तेलंगणाची, कुणी बिहारची, आपापल्या पिशव्या उघडून तो कागद शोधताहेत. कुणाला तो सापडला, कुणाची मुदत संपत आलेली निघाली. मुदत संपत आली तरी घाबरायचं कारण नाही. पॉलिसी तिकडे बसून ऑनलाइन वाढवून घेता येते. करार वाढतो, माणूस चार-पाच वर्षं राहतो, पण पॉलिसी दोन किंवा तीन वर्षांचीच असते. ती मध्येच संपली आणि त्यानंतर अपघात झाला, तर घरच्यांच्या हाती काही राहत नाही. म्हणून पॉलिसीच्या शेवटच्या तारखेला मोबाइलमध्ये गजर लावायचा. आमच्या भाच्याने लावला आहे.

वाचता वाचता मला आणखी एक मोठी गोष्ट उमगली. बाहेर गेलेल्या माणसाच्या मनाला खरी टोचणी असते ती घरच्यांच्या दवाखान्याची. आपण इतक्या दूर, आणि बाबांना काही झालं तर? आईला भरती करावं लागलं तर कोण पैसे देणार? तो जास्तीचे तास काम करतो ते याच भीतीने. आणि या भीतीवर आपल्या राज्यात, आपल्या जिल्ह्यात इलाज आहे!

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ही 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचं गडचिरोली त्या पहिल्या आठात होतं. आमचा भंडारा नोव्हेंबर 2013 मध्ये, उरलेल्या महाराष्ट्राबरोबर आला. 2017 मध्ये तिला जोतिरावांचं नाव मिळालं. आधी दीड लाखाची मर्यादा होती आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेची अट होती. 2023 मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला आणि 1 जुलै 2024 पासून तो अमलात आला. आता कुठल्याही रंगाची शिधापत्रिका असू द्या, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचा उपचार, पैसे न भरता. त्या निर्णयात 1356 उपचार होते. हृदयाच्या शस्त्रक्रिया, कर्करोग, डायलिसिस, भाजलेल्यांचे उपचार, लहान मुलांच्या शस्त्रक्रिया. योजनेतल्या दवाखान्यात शिरलं की आरोग्यमित्राचं टेबल शोधायचं, शिधापत्रिका आणि आधार द्यायचं. बाकी कागद तो हलवतो. काही अडलं तर 155388 हा फोन.

त्याला जोडून केंद्राची आयुष्मान भारत योजना. 23 सप्टेंबर 2018 ला ती सुरू झाली. तिचं मोठेपण असं, की आयुष्मान कार्ड देशभरात चालतं. भंडाऱ्याचा माणूस हैदराबादला कामाला गेला आणि तिथे आजारी पडला, तरी तिथल्या योजनेतल्या दवाखान्यात त्याच कार्डावर उपचार होतात. जुना आजार आहे म्हणून नाही म्हणत नाहीत. घरात माणसं जास्त आहेत म्हणून नाही म्हणत नाहीत. डिस्चार्जनंतरच्या 15 दिवसांची औषधंही त्यात येतात. आणि 29 ऑक्टोबर 2024 पासून वयाची 70 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, तो श्रीमंत असो की गरीब, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला 5 लाखांपर्यंत. घराचं कार्ड आधीपासून असेल तर म्हाताऱ्या माणसाला हे 5 लाख वेगळे, घरातल्या दुसऱ्या कुणाशी वाटून घ्यावे न लागणारे!

नणंदेच्या सासऱ्यांचं वय 70 च्या पुढे आहे. आम्ही त्यांचं कार्ड काढलं. आधार आणि मोबाइलवरचा ओटीपी, एवढ्यावर काम झालं. त्यांनी ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "पोराले फोन लावा, सांगा त्याले, म्हाताऱ्याची फिकर सोड म्हना." फोन लावला. पलीकडून बराच वेळ नुसतं हसूच ऐकू येत होतं.

हे दोन विमे एकमेकांच्या हातात हात घालून उभे आहेत, हे मला दिसलं ते तेव्हा. माणूस बाहेर असताना प्रवासी बीमा. तो घरी परतला की फुले योजना आणि आयुष्मान. आयुष्मान कार्डावर परदेशातल्या दवाखान्याचं बिल भागत नाही, ते इथल्या दवाखान्यांसाठी आहे. पण तिकडे अर्धवट उपचार घेऊन आलेल्या माणसाला नागपुरात किंवा भंडाऱ्यात पुढचा उपचार घ्यायचा असेल, तर शिधापत्रिकेवर त्याचं नाव हवं आणि आधार जुळलेलं हवं. म्हणून बाहेर गेलेल्या मुलाचं नाव शिधापत्रिकेवर आहे का, त्याची ई-केवायसी झाली आहे का, हे घरच्यांनी बघत राहिलं पाहिजे. तो सुटीवर आला की पहिल्या आठवड्यातच हे काम उरकून घ्यायचं.

आणखी वाचत गेले तेव्हा तिसरा पदर उलगडला. तो त्या त्या देशाच्या कायद्याचा. सौदीत परदेशी कामगाराचा आरोग्य विमा काढण्याची जबाबदारी मालकावर आहे. दुबईत 2013च्या कायद्याने ती मालकावर टाकली, आणि 1 जानेवारी 2025 पासून संयुक्त अरब अमिरातीच्या सातही अमिरातींत खासगी नोकरीतल्या कामगारांसाठी आरोग्य विमा सक्तीचा झाला आहे. 2024 मध्ये आपल्या राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. आपल्या आयटीआयची, नर्सिंगची मुलं तिकडे जाणार असतील, तर त्यांनी जाणून ठेवावं की जर्मनीत कामगारांचा आरोग्य विमा 1883 पासून आहे. बिस्मार्कच्या काळात त्याची सुरुवात झाली. तिथे हप्ता कामगार आणि मालक मिळून भरतात. सोबत राहणाऱ्या, न कमावणाऱ्या जोडीदाराला आणि मुलांना वेगळा हप्ता न भरता त्यात जागा मिळते. पगारातून पैसे कापले जातात ते कशासाठी, हे ठाऊक असलं की दवाखान्यात जाताना मान ताठ राहते.

हे सगळं कळल्यावर मी गप्प कशी बसणार? शाळेत पालक सभा होती. अभ्यासाचं बोलून झाल्यावर मी विचारलं, कुणाच्या घरचं कुणी परदेशात कामाला आहे का? मागून दोन हात वर आले, मग आणखी एक. सभेनंतर त्या बायका थांबल्या. एकीचा नवरा कुवेतला ड्रायव्हर. तिने घरी जाऊन पेटी उघडली आणि दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आली. होता! वारसदार म्हणून तिचंच नाव. एकीचा भाऊ मात्र फिरायच्या व्हिसावर गेलेला आणि तिकडेच कामाला लागलेला. त्याला मंजुरी नाही, म्हणून पॉलिसीही नाही. एजंटने त्याला सांगितलं होतं, अशाने लवकर होतं. लवकर झालं खरं, पण तो माणूस आज कोणत्याही आधाराशिवाय उंच परांचीवर उभा आहे. हे ऐकून माझा जीव खालीवर झाला.

म्हणून मला सगळ्यात मोठ्याने सांगायचं आहे ते हे, की फिरायच्या व्हिसावर कामाला जाऊ नका. नोंदणी असलेल्या एजंटाकडूनच जा. तो नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही पाहता येतं. तो आपल्या कामाचे जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो, त्याहून जास्त नाही. पैशांची पावती मागा. पॉलिसीचा कागद हातात घेतल्याशिवाय विमानतळावर जाऊ नका. त्यावरचं नाव, पासपोर्ट नंबर, वारसदाराचं नाव आणि तारखा स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या मास्तरांकडे जा, ग्रामसेवकाकडे जा, गावातल्या कॉलेजच्या पोरीकडे जा. कुणीही वाचून देईल.

घरच्यांनी त्या कागदाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, एक फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि एक फोटो घराबाहेरच्या एखाद्या भरवशाच्या नातेवाइकाकडे द्यावा. तिकडे कुणी आजारी पडलं तर पहिल्या दिवसापासून प्रत्येक बिल, प्रत्येक पावती, डॉक्टरांचा प्रत्येक कागद सांभाळून ठेवायला सांगावं. मूळ कागद कुणालाही देऊन टाकू नयेत, प्रत द्यावी. अडचण मोठी असेल, पगार थकला असेल, माणसाचा पत्ता लागत नसेल, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. आणि हातात काहीच पैसे नसलेल्या माणसासाठी आपल्या वकिलातींकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. 2009 पासून तो आहे. अगदी अडलेल्याच्या तातडीच्या उपचारासाठी आणि मृतदेह घरी आणण्यासाठी त्यातून मदत होते.

माझी ग्रामपंचायतींना, बचत गटांच्या ताईंना, आशा सेविकांना आणि शाळांना कळकळीची विनंती आहे. गावातली किती माणसं परदेशात आहेत याची यादी करा. त्यांच्या घरी जा. पेट्या, पिशव्या, गाद्यांखालचे कागद बाहेर काढायला सांगा. पॉलिसी चालू आहे का ते बघा, संपत आली असेल तर वाढवायला लावा. घरातल्या म्हाताऱ्यांचं वय वंदना कार्ड काढून द्या. एका सायंकाळचं काम आहे.

आपली माणसं घर, बांधी, तलाव, सण सगळं मागे टाकून परक्या उन्हात कष्ट करतात. त्यांच्यासाठी देशाने केलेली तरतूद त्यांच्या घरातल्याच पिशवीत न वाचता पडून राहू नये. तुमच्या ओळखीचं एक जरी माणूस बाहेर असेल, तर आज त्याला फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा. तुझा विम्याचा कागद कुठे आहे? त्यावर शेवटची तारीख कोणती आहे?